मैदानाची वेळ हवेला विचारा

पालकहो,

दसरा-दिवाळीच्या दिवसांत क्रीडाशिक्षकांचे फोन फार वाजतात. सहामाही परीक्षा संपत आलेली असते, शालेय स्पर्धा तोंडावर असतात. अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, आता सुट्टीच आहे, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाठवू का?" मग महिना-सव्वा महिन्याने कपाटातले स्वेटर बाहेर निघाले की दुसरा प्रश्न येतो, "बाई, गारठा फार वाढलाय. थोडे दिवस नाही पाठवलं तर चालेल ना?"

दोन्ही प्रश्न काळजीपोटीच येतात. मी पुण्यात शाळेत खेळ शिकवते आणि आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे ते याच काळजीबद्दल. आपल्याकडे ऑक्टोबरात मुलांना निर्धास्तपणे उन्हात सोडलं जातं आणि डिसेंबरात घरात कोंडलं जातं. व्हायला हवं ते बरंचसं उलट. ऑक्टोबर हा आपल्या भागात खेळाडू मुलांसाठी जपून वागण्याचा महिना आहे आणि डिसेंबर-जानेवारी हे वर्षातले सगळ्यात चांगले खेळाचे दिवस आहेत. अट एवढीच, की दिवसातली वेळ नीट निवडली पाहिजे. आपली बहुतेक शिबिरं आणि अकादम्या बारा महिने घड्याळाच्या एकाच काट्यावर चालतात, सकाळी सहा ते आठ किंवा दुपारी चार ते सहा. हवा मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पूर्ण कूस बदलते.

आधी ऑक्टोबरबद्दल बोलू. नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुण्यातून निघून जातो. आकाश स्वच्छ होतं, ऊन थेट लागायला लागतं आणि जमिनीत मुरलेलं पाणी अजून वाफ होऊन वर येतच असतं. पुण्याचं ऑक्टोबरातलं कमाल तापमान सरासरीने बत्तीस अंशांच्या आसपास असतं. एप्रिलच्या अडतीसपुढे हा आकडा किरकोळ वाटतो आणि आपण तिथेच फसतो. हवेत दमटपणा असला की घाम नुसता वाहतो, वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यात आपली मुलं जूनपासून चार महिने ढगांखाली खेळलेली असतात. अंगाला नव्या उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. नेमक्या त्याच पंधरवड्यात आपण "सुट्टी आहे" म्हणून सराव दुप्पट करतो.

मुंबई-ठाण्याच्या आणि कोकणातल्या पालकांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यावं. मोसमी पाऊस परतला की तिकडे पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून वारे वाहू लागतात. समुद्रावरून येणारा दुपारचा वारा त्यामुळे उशिरा सुरू होतो आणि तोवर पारा वर चढत राहतो. आठवतंय ना, २०२३ च्या विश्वचषकातलं ग्लेन मॅक्सवेलचं द्विशतक? ७ नोव्हेंबरला वानखेडेवर अफगाणिस्तानविरुद्ध त्याने नाबाद २०१ धावा काढल्या, पण शेवटी शेवटी त्याला पायावर उभं राहवत नव्हतं. साऱ्या अंगात पेटके आले होते. दुपारची पन्नास षटकं त्याने मैदानात काढली होती आणि त्यानंतर संध्याकाळी फलंदाजी. सर्वोत्तम आहार, डॉक्टर, फिजिओ हाताशी असलेल्या, कसलेल्या खेळाडूची ही अवस्था आणि तीही नोव्हेंबरात. आपली दहा-बारा वर्षांची पोरं त्या डावाचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतात. त्यांच्या शेजारी बसून त्यांना हेही सांगा, की हा माणूस एवढा तळमळतोय तो घामावाटे गेलेल्या पाण्याने आणि मिठाने, उन्हाने आणि दमणुकीने.

म्हणून ऑक्टोबरात पहाट चांगली. साडेसहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हापासून साडेआठपर्यंतचा वेळ खेळायला उत्तम. अकरा ते चार हा वेळ धावण्याच्या खेळांसाठी नकोच. पहिले दहा दिवस एकच वेळ पाठवा, दुसरी वेळ त्यानंतर. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाने खेळताना दर वीस मिनिटांनी शंभर ते अडीचशे मिलिलिटर पाणी प्यावं, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. म्हणजे अर्धा ते एक पेला, तहान लागो न लागो. तासाभराच्या सरावाला बाटलीतल्या रंगीत पेयांची काहीच गरज नाही. त्याहून जास्त वेळ, कडक उन्हात खेळ असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत द्या. कोकम सरबतही चालेल.

एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यू, चिकुनगुन्या, नाहीतर साधा विषाणूजन्य ताप घराघरात असतो. ताप शुक्रवारी उतरतो आणि सोमवारी मूल मैदानात हजर, कारण बुधवारी सामना असतो. नुकत्याच आजारातून उठलेल्या मुलाला ऊन सगळ्यात लवकर बाधतं. वरवर ते ठणठणीत दिसतं, हसतं, हट्ट करतं, पण दोन फेऱ्यांत पांढरंफटक पडतं. अशा मुलाला डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय पाठवू नका. पाठवाल तेव्हा आम्हाला सांगा. निम्मा सराव, मग पाऊण, मग पूर्ण असं आम्ही वाढवत नेऊ. एखादी स्पर्धा हुकली तर हुकू द्या. पुढच्या वर्षी स्पर्धा पुन्हा भरणारच आहे. आणि मैदानावर खेळताना कुठल्याही मुलाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, ते असंबद्ध बोलायला लागलं तर "जरा बस, बरं वाटेल" एवढ्यावर थांबू नका. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बोलण्यात गोंधळ असेल तर थेट दवाखाना गाठा.

ऑक्टोबरच्या दुपारी आणखी एक धोका असतो, तो परतीच्या पावसाचा. सकाळी लख्ख ऊन, तीन-चारला काळेभोर ढग आणि विजांचा कडकडाट. पावसाळ्यातल्या संततधारेपेक्षा ही वादळी सर मैदानावर जास्त धोक्याची, कारण उघड्या मैदानात मूल हीच सगळ्यात उंच वस्तू असते. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबलाच पाहिजे, मग सामना कितीही रंगात असो. झाडाखाली उभं राहायचं नाही आणि चहूबाजूंनी उघड्या असलेल्या पत्र्याच्या शेडखालीही नाही. पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत बसायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास पुन्हा मैदानात उतरायचं नाही. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने तयार केलेलं 'दामिनी' हे ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सूचना देतं. मुलांना मैदानावर सोडणाऱ्या प्रत्येक आईबाबांच्या फोनमध्ये ते असावं.

मैदानाकडेही एकदा डोळे उघडून बघा. पावसाळ्यात चिखलात उमटलेले पाय आणि गाड्यांची चाकोरी ऑक्टोबरच्या उन्हात दगडासारखी कडक होते. घोटे मुरगळण्याचे निम्मे प्रसंग मी याच दिवसांत बघते. कडेला गाजरगवत माजलेलं असतं. हे तण भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५० च्या दशकात. त्याच्या परागांनी शिंका, दमा, अंगावर पुरळ उठतं. सीमारेषेपाशी चेंडू शोधायला मुलं त्यातच घुसतात. सुट्टीच्या आधी रविवारी सकाळी चार पालकांनी हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून ते फुलं येण्यापूर्वी उपटलं, तर पुढचे दोन महिने सुखाचे जातात.

आता थंडीकडे वळू.

आपल्या थंडीची आपण उगाच धास्ती घेतो. पुण्यात आजवरचं सगळ्यात कमी तापमान नोंदलं गेलं ते १.७ अंश, जानेवारी १९३५ मध्ये. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा सरासरी अकरा-बारा अंशांवर असतो, काही दिवस आठ-नऊपर्यंत उतरतो आणि दुपारी तोच पारा एकोणतीस-तीसवर जातो. दिवसभरात सतरा-अठरा अंशांचा हा झोका हीच आपल्या हिवाळ्याची खरी खूण. नाशिककडे, निफाडला थंडी याहून कडक. विदर्भातही रात्री चांगल्याच गार. पण धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या निरोगी मुलाला ही थंडी काहीही करत नाही. पाच-सात मिनिटांत ते स्वतःच जर्सीची बाही वर करतं.

आणि हो, वर्तमानपत्रात छापून येणारं पुण्याचं तापमान हे शिवाजीनगरच्या वेधशाळेचं असतं. जुने पुणेकर त्या आवाराला अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं हे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं. तुमचं मैदान पाषाणला किंवा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) बाजूला असेल तर तिथे पहाटे पारा आणखी खाली असतो. मगरपट्टा, वडगावशेरी, कोरेगाव पार्क या दाट वस्तीच्या भागांत तो कित्येकदा चार-पाच अंशांनी वर असतो. एकाच शहरात एक मूल कुडकुडतं आणि दुसऱ्याला स्वेटर नको असतो. त्यामुळे शेजारच्या मुलाने काय घातलंय यापेक्षा आपलं मैदान कुठे आहे, ते बघून कपडे ठरवा.

मग हिवाळ्यात जपायचं कशाला? पहाटेच्या हवेला. थंडी तिथे निमित्तमात्र असते. त्या हवेत काय मिसळलेलं आहे, हा खरा प्रश्न.

हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असतं आणि वारा पडलेला असतो. जमीन आपली ऊब भराभर सोडते, जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच बसते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर येतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं हे होतं. खालचा धूर, धूळ, गाड्यांचा धुरोळा, शेकोट्यांचा धूर वर जाऊच शकत नाही. पुणं तर बऱ्याच बाजूंनी टेकड्यांनी वेढलेलं, नदीकाठचा भाग आणखी खोलगट. सूर्य चांगला वर येऊन जमीन तापली की झाकण उघडतं, हवा वर-खाली मिसळते आणि प्रदूषण पातळ होतं. म्हणून डिसेंबरात पहाटे सहा ते आठ हा वेळ, ज्याला आपण "फ्रेश हवा" समजतो, तोच बहुतेक दिवशी दिवसातल्या खराब हवेचा असतो. आठच्या पुढे शाळा-ऑफिसच्या गाड्यांची भर पडते ती वेगळीच. दुपारी दोन ते पाच हवा त्यामानाने सगळ्यात स्वच्छ.

तुम्ही-आम्ही बसलेले असताना जेवढी हवा आत घेतो, त्याच्या कितीतरी पट हवा धावणारं मूल आत घेतं आणि तीही तोंडाने. नाकाची गाळणी बाजूलाच राहते. हवा तीच, पण कडेला बाकावर बसून चहा पिणाऱ्या बाबांच्या आणि मैदानात शटल रन करणाऱ्या मुलीच्या फुप्फुसात जाणारा धूर सारखा नसतो.

हवा बिघडली की खेळ थांबतो, हे मोठ्यांच्या क्रिकेटने बघितलं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्लीतले रणजी सामने धुरक्यामुळे रद्द झाले. डिसेंबर २०१७ च्या दिल्ली कसोटीत श्रीलंकेचे खेळाडू तोंडावर मास्क लावून उतरले आणि खेळ पुन्हा पुन्हा थांबला. २०२३ च्या विश्वचषकात हवेचा दर्जा बघून बीसीसीआयने मुंबई आणि दिल्लीतल्या सामन्यांना आतषबाजी बंद ठेवली. दिल्लीएवढी वाईट स्थिती आपल्याकडे येत नाही, हे खरं. पण दिवाळीनंतरचे दोन-तीन दिवस पहाटे मैदानावर उभं राहून बघा. समोरच्या टोकाचा गोलपोस्ट पुसट दिसतो, जिभेवर फटाक्यांच्या दारूची कडवट चव येते. ते दोन-तीन दिवस मी सकाळचा सराव ठेवतच नाही. मुलांना घरी किल्ल्यावरचे मावळे मांडू देत.

रोजची हवा बघायची सोय आपल्या हातात आहे. आयआयटीएमची 'सफर' ही यंत्रणा उभी राहिली तीच मुळात खेळांसाठी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने. २०१३ पासून ती पुण्यातही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲपही चालेल. त्यातला हवेचा निर्देशांक पन्नासपर्यंत चांगला, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, तीनशेपर्यंत वाईट, त्यापुढे अतिशय वाईट आणि चारशेच्या पुढे गंभीर. 'मध्यम' वाचून निश्चिंत होऊ नका. त्या टप्प्यावरही दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना त्रास होऊ शकतो, असं मंडळच सांगतं. माझी पद्धत अशी : शंभरच्या आत नेहमीचा सराव. शंभर ते दोनशेत दमेकरी मुलांना हलका व्यायाम आणि बाकीच्यांचा सराव तासभर उशिरा. दोनशेच्या वर गेला तर धावणं पूर्ण बंद. मग सभागृहात सूर्यनमस्कार, दोरीवरच्या हलक्या उड्या, झेल पकडण्याचा सराव. एवढं करून वर्षातले फार थोडे दिवस वाया जातात.

आता एका मुलीबद्दल सांगते. सातवीतली, खो-खोची अतिशय चपळ खेळाडू. खांबापाशी अशी काही वळायची, की पाठलाग करणारीचा हात हवेतच राहायचा. नोव्हेंबर लागला की मात्र ती खेळून बाहेर येऊन बसायची आणि पाच-सात मिनिटांनी कोरडा खोकला सुरू व्हायचा. खेळताना काही नाही, थांबल्यावर. छातीवर हात ठेवून ती पुढे वाकायची, खांदे वर उचलले जायचे, दोन शब्दांत श्वास तुटायचा. आईचं म्हणणं, "थंडी बाधते तिला. हिवाळ्यात बंदच ठेवू." मी म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखवा. तो व्यायामामुळे उद्भवणारा दमा निघाला. जोरात धावताना गार, कोरडी हवा भराभर आत गेली की श्वासनलिका आवळते, त्यात धूर असेल तर आणखी. डॉक्टरांनी खेळण्यापूर्वी घ्यायचा पंप लिहून दिला. आई रडवेली झाली, "एकदा पंप लागला की सुटत नाही म्हणतात हो बाई." तसं नसतं. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून मात्रा अगदी थोडी पुरते आणि त्याचं व्यसन लागत नाही. ती मुलगी आजही खेळते, हिवाळ्यातसुद्धा. दमा असलेली मुलं मैदानाबाहेर ठेवायची नसतात. त्यांना सावकाश, जास्त वेळ अंग गरम करू द्यायचं, पंप दप्तरात न ठेवता प्रशिक्षकाच्या हाताशी ठेवायचा आणि धूर दिसला की थांबायचं.

तुमच्या मुलाला खेळ थांबल्यावर असा खोकला येत असेल, रात्री झोपेत येत असेल, किंवा आधी पुढे असणारं मूल हिवाळ्यात अचानक मागे पडत असेल, तर "स्टॅमिना कमी आहे" म्हणून त्याला आणखी पळवू नका. दाखवून या.

कपड्यांचं सोपं आहे. एक जाड स्वेटर आणि त्यावर कानटोपी, असं बांधून पाठवलेलं मूल दहा मिनिटांत आतून घामाने निथळतं. त्यापेक्षा टीशर्ट, त्यावर पूर्ण बाह्यांचा पातळ थर आणि सगळ्यात वर चेनचं जाकीट द्या, म्हणजे एकेक उतरवता येतं. आमच्या डोळ्यांसमोर खरी गडबड होते ती सराव संपल्यावर. ओलाचिंब टीशर्ट तसाच अंगात, मूल स्कूटरवर पुढे उभं आणि समोरून गार वारा. पिशवीत एक कोरडा टीशर्ट ठेवा, बदलूनच गाडीवर बसवा. दहिवराने ओले झालेले बूट-मोजेही बदला. नोव्हेंबर-डिसेंबरात गवतावर दहिवर इतकं असतं, की लेदरचा चेंडू चार षटकांत पाणी पिऊन जड होतो आणि अडवायला धावलेली मुलं घसरतात. ही आणखी एक गोष्ट, जी सूर्य वर आला की आपोआप सुटते.

थंडीत तहान लागत नाही. घरून भरून आणलेली बाटली तशीच परत जाते. "बाई, तहानच नाही लागली." घाम मात्र जातोच, कोरड्या हवेत तो लगेच वाळतो म्हणून दिसत नाही. त्यामुळे पाण्याची सुट्टी हिवाळ्यातही शिट्टी वाजवूनच द्यायला हवी. अंग गरम करण्याची वेळही वाढवायला हवी. ऑक्टोबरात आठ-दहा मिनिटांत भागतं, डिसेंबरात पंधरा-वीस मिनिटं लागतात. उशिरा पोचलेलं मूल हाच भाग टाळून थेट गोलंदाजी टाकायला धावतं आणि मांडीचा स्नायू धरून बसतं. कृपा करून वेळेवर आणा.

डिसेंबरात कधी कधी थंडी एकाएकी गायब होते, दोन-चार दिवस ढगाळ, कोंदट, अधूनमधून पाऊस. बहुतेकदा बंगालच्या उपसागरात नाहीतर अरबी समुद्रात काहीतरी तयार झालेलं असतं. २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळाच्या पावसामुळे मुंबईतल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. अशा दिवसांत ठरलेल्या वेळापत्रकावर अडून बसू नका, हवामान खात्याचा अंदाज बघा.

तर मग वेळ कोणती? पुण्यात डिसेंबरच्या मध्यावर सूर्य सातला उगवतो, जानेवारीच्या मध्यावर सात वाजून दहा मिनिटांनी. सहाच्या सरावाला आलेलं मूल तासभर अंधारात, दहिवरात आणि धुरात खेळतं. तोच सराव सुट्टीच्या दिवशी साडेआठला सुरू केला तर ऊन कोवळं असतं, गवत वाळू लागलेलं असतं आणि झाकण उघडायला लागलेलं असतं. शाळेच्या दिवशी सकाळी हे जमत नाही, ही अडचण मला पूर्ण ठाऊक आहे. सातला भरणाऱ्या शाळेतल्या मुलांसाठी दुपारी साडेतीन ते साडेपाच ही डिसेंबर-जानेवारीतली सोन्यासारखी वेळ. तीच वेळ ऑक्टोबरात नको होती, हे लक्षात घ्या. नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या आधीच मावळतो आणि सव्वासहाला चेंडू दिसेनासा होतो. तेव्हा पाचला सुरू होणारी बॅच साडेतीनला आणलीच पाहिजे. दुपारच्या शाळेतल्या मुलांचा प्रश्न जास्त अवघड आहे. त्यांच्यासाठी आठवड्यातले दोन दिवस शाळेच्याच तासिकेत मैदान आणि शनिवार-रविवारी मोठा सराव, असा मार्ग काही शाळांनी काढला आहे.

कुणी म्हणेल, मोठ्या मॅरेथॉन तर हिवाळ्यात पहाटेच धावतात. खरं आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, डिसेंबरचा पहिला रविवार ही तिची ठरलेली वेळ. मुंबईची जानेवारीतली. चार-पाच तास धावायचं तर पुढचं ऊन टाळायला पहाटे निघावंच लागतं, रस्तेही तेव्हाच मोकळे मिळतात. मोठी माणसं वर्षातून एकदा हे ठरवून करतात. आपलं मूल तासभर खेळतं आणि रोज खेळतं. त्याला पहाटेची सक्ती नाही.

आणि मैदानाच्या कोपऱ्यात पालापाचोळा पेटवलेला दिसला, रखवालदार काकांनी शेकोटीत प्लॅस्टिक टाकलेलं दिसलं, तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनुसार मनाई आहे. त्या काकांना एक जुनं घोंगडं किंवा स्वेटर आणून दिलात, तर शेकोटीची गरजच कमी होईल. पाल्याचा खड्डा करून खत करायला शाळेला सांगा, मुलंच आनंदाने करतील.

दिवाळीनंतरच्या पहिल्या पालकसभेत तुम्ही दोन प्रश्न विचारा. आमच्या मुलांच्या सरावाची वेळ हवेप्रमाणे बदलते का? आणि ऊन, वीज किंवा धूर दिसला तर सराव थांबवण्याचा निर्णय मैदानावर नेमकं कोण घेतं? उत्तर गोलमोल मिळालं तर पुन्हा विचारा, लेखी विचारा. वेळ बदलायला आम्ही बरेच शिक्षक तयार असतो. मैदानाचं भाडं, बॅचचं वेळापत्रक, स्पर्धांच्या तारखा या अडचणी आहेत, पण पंचवीस पालक एकत्र येऊन बोलले की त्या सुटतात. म्हणून यंदा ही मागणी तुमच्याकडून येऊ द्या.